चोखोबांच्या पायरीपासून आत : साने गुरुजींचे चरित्र

पंढरीस जाणारा वारकरी चंद्रभागेत स्नान करतो, पुंडलिकरायाला भेटतो आणि महाद्वारी येऊन नामदेवरायांच्या पायरीला हात लावून मगच पुढे सरकतो. त्या पायरीसमोरच चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता कूस कोसळले, चोखोबा त्याखाली गेले, आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरीस आणल्या, ही कथा आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो आहोत. ऐकताना डोळे पुसतो. पण त्या कथेतली एक गोष्ट आपल्या सहसा ध्यानी येत नाही. समाधी दारात आहे, दाराच्या आत नाही. भक्त पोहोचला तो दारापर्यंतच. त्यानंतर सहाशे वर्षे त्याचे जातभाई आषाढीस आले, कार्तिकीस आले, आणि तेथूनच कळस पाहून परतले.

ते दार उघडावे म्हणून ज्यांनी आपला देह पणाला लावला त्या साने गुरुजींचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. गुरुजी माळकरी नव्हते. ते राजकारणात होते, काँग्रेसचे होते, तुरुंगात जाऊन आलेले होते. मग सांप्रदायिक मासिकात त्यांचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की, राजकारणातल्या माणसाने देवाचे, संतांचे नाव घेऊन लोकांपुढे उभे राहावे काय, आणि राहिलाच तर त्याचे बोलणे खरे कोणते नि पोकळ कोणते, हा प्रश्न आज आपल्या दिंडीच्या वाटेवरही येऊन उभा आहे. वारीच्या रस्त्यावर फलक लागतात, पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो लागतात, ते आपण पाहतोच. तेव्हा ज्या माणसाने हेच शब्द वापरले, आणि आमच्याच काही थोरांचा रोष पत्करून वापरले, त्याच्याकडे जरा निवांतपणे पाहावे, इतकाच हेतू.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले. वडील सदाशिवराव कोर्टकज्ज्यांत आणि कर्जात बुडत गेले. आई यशोदाबाई. ही आई पुढे ‘श्यामची आई’ या पुस्तकामुळे महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचली. त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. लाकडाची मोळी पडलेली, एक वृद्ध महार स्त्री उभी, मोळी डोक्यावर चढवायला कोणी हात लावीत नाही. आई मुलाला सांगते, जा, हात लाव, आणि मग येऊन अंघोळ कर. आम्हांला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, आणि तो मोलाचा वाटतो तो त्यातल्या अंघोळीसकट. ती बाई बंडखोर नव्हती. सोवळे-ओवळे मानणारी, व्रते करणारी, कोकणातली साधी गृहिणी. तिने रूढी मोडली नाही, पण रूढीपुढे दयेला वाकू दिले नाही. गुरुजींचे पुढचे सारे बोलणे या एका प्रसंगातून निघाले असे आम्ही म्हणतो. धर्म टाकून द्या असे ते कधी कोणाला सांगत फिरले नाहीत. धर्म घरात आहेच, तो बाहेर अंगणात आणा, एवढेच त्यांचे मागणे.

शिक्षण दापोलीस, काही काळ औंधास, मग पुण्यात. गरिबी अशी की शिक्षणाची ओढ आणि पोटाची भूक यांची रोज मारामारी. १९१७ साली आई गेली तेव्हा मुलगा जवळ नव्हता. ती खंत जन्मभर राहिली. पुढे एम. ए. होऊन ते खानदेशात अमळनेरला आले, आधी तत्त्वज्ञान मंदिरात, आणि १९२४ पासून तिथल्या शाळेत शिक्षक म्हणून. अमळनेर म्हणजे सखाराम महाराजांचे गाव. बोरी नदीच्या काठी संस्थान आहे, वैशाखात यात्रा भरते, पालखी पंढरीस जाते. कोकणातला हा तरुण ज्या गावात गुरुजी झाला ते गाव असे टाळमृदंगाचे होते. छात्रालयातल्या मुलांची अंथरुणे घालावीत, पांघरुणे नीट करावीत, आजाऱ्याची सेवा करावी, कपडे धुवावेत, आणि ते बोलून दाखवू नये. मुले मोठी झाली, त्यांतली कितीतरी स्वातंत्र्याच्या लढ्यात गेली. सहा वर्षांची मास्तरकी, पण नाव कायमचे तेच पडले, गुरुजी.

१९३० साली महात्माजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि तुरुंगाची वाट धरली. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंग झाले. धुळ्याचा तुरुंग विशेष. १९३२ साली तेथे विनोबा होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचन केले. अठरा अध्याय, अठरा प्रवचने. ती भराभर लिहून घेतली साने गुरुजींनी. आज ‘गीता प्रवचने’ देशातल्या कितीतरी भाषांत वाचली जातात, ती त्या लेखणीमुळे. ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली हे आपण भक्तीने सांगतो. बरोबरी करण्याचा आमचा उद्देश नाही, पण लिहून घेणाराचे पुण्य आपल्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही. पुढच्या वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली.

मधली वर्षे आम्ही भराभर सांगतो. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, त्यासाठी ते खेडोपाडी राबले. शेतसारा माफ व्हावा म्हणून शेतकऱ्यांबरोबर, गिरणी कामगारांबरोबर उभे राहिले. १९४२ साली भूमिगत झाले, पुन्हा तुरुंग. १९३७ साली ‘भारतीय संस्कृती’ हे पुस्तक लिहिले. त्याचा आरंभच अद्वैतापासून आहे. सर्वांभूती एकच आत्मा असे म्हणायचे आणि माणसाला दाराबाहेर उभे करायचे, या दोन गोष्टी एका तोंडात कशा राहतात, हा त्या पुस्तकाचा सवाल. हे पुस्तक विद्वानांसाठी नाही. शाळेतल्या मुलांना कळावे असे आहे. म्हणूनच ते टोचते.

आता थोडे आडवळण घेतो. देवाचे नाव राजकारणात प्रथम गुरुजींनी आणले असे कोणी समजू नये. लोकमान्यांनी १८९३-९४ पासून गणपतीचा उत्सव सार्वजनिक केला तो लोकांना एकत्र आणण्यासाठीच. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्यात ज्ञानोबांपासून तुकोबांपर्यंतच्या संतांनी माणसे घडविली म्हणून स्वराज्य उभे राहिले, असे मांडले. त्यावर पुष्कळ वाद झाले. महात्माजी तर रामराज्य हा शब्दच बोलत. म्हणजे वाट मळलेली होती. त्या वाटेने पुष्कळ जण चालले, काही जण लोकांना जागे करायला चालले, काही जण लोकांना एकमेकांवर घालायला. शब्द तेच, देव तेच. मग निवड कशावर करायची? आमच्या एका वृद्ध टाळकऱ्याची कसोटी अशी की, बोलणारा आपल्या पदरचे काय घालतो ते पाहावे. कसोटी अडाणी वाटेल, पण आम्हांला अजून दुसरी सापडलेली नाही.

१९४६ साल. स्वराज्य दारात आलेले. आणि पंढरीचे दार? दक्षिणेत त्रावणकोरच्या महाराजांनी १९३६ च्या नोव्हेंबरातच जाहीरनामा काढून संस्थानची देवळे सर्वांना खुली केली होती. मदुरेचे मीनाक्षीचे देऊळ १९३९ साली उघडले. आपल्याकडे पुण्यात पर्वतीचा सत्याग्रह १९२९ साली झाला, नाशकात काळारामाच्या दारात १९३० च्या मार्चपासून पाच वर्षे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अनुयायी उभे राहिले, दगड खाल्ले, आणि दार उघडले नाही. जिथे संतांनी जातिभेदावर इतके बोलून ठेवले त्या महाराष्ट्रात हे असे. चोखोबांच्या समाधीला नमस्कार करणारे आपण, आणि आपल्या डोळ्यांदेखत हे असे.

कार्तिकी एकादशीच्या सुमारास गुरुजींनी जाहीर केले की विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना, खुले झाले नाही तर आपण प्राणांतिक उपोषण करू. सेनापती बापट आदी वडीलधाऱ्यांनी त्यांना थोपविले. आधी लोकांत जा, लोकमत तयार करा, मग पाहू, असे ठरले. सहा महिन्यांची मुदत पडली. आणि मग गुरुजी महाराष्ट्रभर फिरले.

हा दौरा हेच त्यांच्या चरित्राचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. बरोबर राष्ट्र सेवा दलाची तरुण मंडळी, त्यांची गाणी, पोवाडे. गावात सभा. चावडीपुढे, देवळापुढे, शाळेच्या ओट्यावर. गुरुजी वक्ते म्हणून काही मोठे नव्हते. आवाज चढवावा, टाळ्या घ्याव्यात, विरोधकाची टर उडवावी, हे त्यांना जमत नसे. बोलता बोलता त्यांचा गळा भरून येई, व्यासपीठावरच डोळ्यांना पाणी येई. शहरातले टीकाकार या रडण्याला हसत. हसोत बापडे. खेड्यातल्या माणसाला कीर्तनात रडणारा बुवा ठाऊक होता, त्याला ते परके वाटले नाही.

काय सांगत ते? कायदा, हक्क, घटना हे शब्द त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण त्यांचा भर संतांवर. चोखोबा दारात का राहिले? नाथमहाराजांनी गोदेच्या तापल्या वाळवंटातले अंत्यजाचे पोर उचलून कडेवर घेतले, ते कशासाठी? पंढरी हे महाराष्ट्राचे हृदय आहे, ते उघडले की बाकीची दारे आपोआप उघडतील, असा त्यांचा विचार. देश स्वतंत्र होणार आणि देशातली माणसे देवाच्या दारातही परतंत्र राहणार, तर त्या स्वातंत्र्याचा आनंद कसा मानावा, अशी त्यांची तळमळ. यात राजकारण आहे काय? आहे. पूर्ण राजकारण आहे. देशातल्या माणसांना एकमेकांशी कसे वागायचे हे ठरविणे यापरते राजकारण कोणते? पण त्या दौऱ्यात मतपेटी कुठे नव्हती. गावकऱ्यांकडे मागणे होते ते एवढेच, तुमच्या गावची विहीर, तुमच्या गावचे देऊळ मोकळे करा. आणि कितीतरी गावांनी ते केले. कोठे पाटलाने स्वतः पुढे होऊन, कोठे तरुणांनी, कोठे भांडणतंटा होऊन.

येथे एक गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. विरोध झाला तोही धर्माच्याच नावाने झाला. पंढरपुरात काळी निशाणे लागली. गुरुजींनी भीमेपार निघून जावे अशा घोषणा झाल्या. बडवे मंडळी, शास्त्री मंडळी यांचे म्हणणे होते की देवळाची मर्यादा पूर्वापार आहे, ती कोणा पुढाऱ्याच्या हट्टापायी मोडता येणार नाही. आणि आमच्यातलेच, गळ्यात तुळशीची माळ असलेले, रोज हरिपाठ म्हणणारे काही थोर फडकरी, कीर्तनकार त्यांच्या बाजूला होते. ते ढोंगी होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्यातल्या कित्येकांची निष्ठा खणखणीत होती. परंपरेचा धागा आपल्या हातून तुटू नये, ही त्यांची भीती खरी होती. पण चोखोबांचे अभंग गाणाऱ्या मुखाने चोखोबांच्या नातवंडांना दारातून परतवावे, हे त्यांना कसे पटले, याचा उलगडा आम्हांला होत नाही. एकाच पोथीतून दोन्ही बाजूंनी आधार काढला. म्हणून तर पोथी नुसती म्हणून दाखविणाऱ्यावर विश्वास ठेवण्याआधी थांबावे असे आम्ही मघाशी म्हटले.

दुसरीकडूनही प्रश्न होताच. बाबासाहेबांनी १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला धर्मांतराची घोषणा केली होती. त्यांच्या मागच्या पुष्कळ लोकांना आता देवळाचे अप्रूप राहिले नव्हते. ज्यांनी इतकी वर्षे हाकलले त्यांच्या देवाचे दर्शन घेऊन पोट भरणार आहे काय, शिक्षण मिळणार आहे काय, असे ते विचारीत. प्रश्न चुकीचा नव्हता. गुरुजींच्या मनात मात्र हे काम हरिजनांवर उपकार करण्याचे नव्हतेच. ते सवर्णांच्या शुद्धीचे काम होते. पाप ज्याने केले त्याने प्रायश्चित्त घ्यावे. म्हणूनच सत्याग्रहासाठी हरिजनांना दारात उभे करून मार खायला लावण्यापेक्षा, ब्राह्मणाच्या घरी जन्मलेल्या त्यांनी स्वतः उपाशी बसायचे ठरविले.

मुदत संपली. १ मे १९४७ रोजी उपोषण सुरू झाले. आधी पंढरपुरात बसायला जागा मिळेना. विठोबाच्या नगरीत, जिथे गल्लोगल्ली मठ, धर्मशाळा, जिथे आषाढीला लाखो माणसे कोठे ना कोठे सामावतात, तिथे एका उपाशी माणसाला ओसरी मिळेना! शेवटी तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. गावातल्या बड्या मंडळींचा राग ओढवून घेणे होते. गुरुजींच्या बाजूने लिहिताना पुष्कळ लोक तनपुरे महाराजांचे नाव एका ओळीत आटोपतात, आम्हांला ते बरे वाटत नाही. सारा संप्रदाय विरुद्ध गेला असे कोणी म्हणू लागला तर आम्ही त्या मठाकडे बोट दाखवितो. दार प्रथम उघडले ते वारकऱ्याच्याच मठाचे. तसे पाहता गाडगे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा पूर्वीच बांधून ठेवली होती. ज्यांना कोठे थारा नाही त्यांना छप्पर तरी असावे म्हणून.

वैशाखातले ऊन, माणदेशाकडून येणारा तापला वारा, आणि मठात पडलेला एक कृश देह. दिवसामागून दिवस जाऊ लागले. महाराष्ट्रभर सभा, ठराव, तारा. तशात खुद्द महात्माजींची तार आली की उपोषण सोडावे. त्यांना कोणी कळविले होते की दार उघडण्याची व्यवस्था होतच आहे, हा उपवास अनाठायी आहे. गुरुजींनी आयुष्यभर ज्यांना गुरुस्थानी मानले त्यांचाच हा निरोप. काय झाले असेल त्यांच्या मनाचे! त्यांनी नम्रपणे कळविले की आपल्याला मिळालेली माहिती अपुरी आहे, मला उपोषण सोडता येत नाही. आम्ही या प्रसंगाजवळ नेहमी थबकतो. बापूंचे नाव घेऊन राजकारण करणारे त्या काळी हजारो होते. बापूंच्या शिकवणीसाठी बापूंनाच नाही म्हणणारा हा एक.

उपोषण म्हणजे दुसऱ्यावर दडपण, असेही कोणी कोणी म्हणत, आजही म्हणतात. त्यात काही तथ्य नाही असे नाही. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसून कोणाला मोकळ्या मनाने विचार करता येतो? पण हे दडपण सहा महिने गावोगाव हात जोडून झाल्यावर आले, आणि सहाशे वर्षे दारात उभ्या असलेल्यांवर जे दडपण होते त्याला उपोषणाचा मान कोणी दिला नव्हता, हेही तराजूत घालावे लागेल.

मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष दादासाहेब मावळणकर पंढरपुरास आले. बडवे मंडळींशी बोलणी झाली. १० मे रोजी त्यांनी मंदिर सर्वांना खुले करण्यास मान्यता दिली, आणि त्याच दिवशी गुरुजींनी उपोषण सोडले. पुढे त्याच वर्षी मुंबई सरकारने हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदाही केला, आणि १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता सगळीकडूनच हद्दपार केली. कागदावर तरी केली.

दार उघडले, पण सगळ्यांची मने काही त्या दिवशी उघडली नाहीत. मूर्तीतले देवत्व काढून घागरीतल्या पाण्यात ठेवले, आता राहिला तो नुसता दगड, अशी गोष्ट पंढरपुरात बोलली जाऊ लागली. काही मोठ्या मंडळींनी देवळात जाणेच सोडले. ती वारी करीत, वाळवंटात कीर्तन करीत, कळसाला हात जोडीत आणि माघारी फिरत. पाहा, काय उलटापालट झाली! पूर्वी चोखोबांची माणसे बाहेरून कळस पाहून परतत, आता ही. त्यांच्यावर तशी सक्ती कोणी केली नव्हती. आमच्या लहानपणी असे एक वृद्ध वारकरी आम्ही पाहिले आहेत. माणूस निर्मळ होता, कोणाचे वाईट चिंतणारा नव्हता. पण पायरीच्या पुढे गेला नाही. त्यांचे नाव आम्ही घेत नाही. त्यांचे नातू आज सगळ्यांबरोबर दर्शनबारीत उभे राहतात.

गुरुजींच्या आयुष्याची पुढची तीन वर्षे दुःखाची. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वराज्य आले, पण फाळणीच्या रक्तपातासकट. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींचा खून झाला, आणि तो एका मराठी माणसाच्या हातून, धर्माच्या रक्षणाची भाषा करणाऱ्याच्या हातून. गुरुजींच्या काळजात ते बाणासारखे रुतले. त्यांनी एकवीस दिवसांचा उपवास केला. प्रायश्चित्त म्हणून. धर्माचे नाव घेऊन एका वर्षी दार उघडले जाते आणि पुढच्याच वर्षी धर्माचे नाव घेऊन प्रार्थनेला निघालेल्या म्हाताऱ्याला गोळ्या घातल्या जातात, हे त्यांनी एकाच देहाने सोसले.

१९४८ साली समाजवादी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली, गुरुजी त्यांच्याबरोबर गेले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, ते अजून चालू आहे. भारतातल्या प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे साहित्य वाचावे म्हणून आंतरभारतीची कल्पना मांडली. स्वतः त्यांनी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतल्या सोबत्यांकडून तमिळ शिकून घेतले होते आणि तिरुवल्लुवरांचा कुरळ मराठीत आणला होता. नामदेवराय पंजाबात जाऊन त्यांच्यातलेच झाले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कल्पनेत नवल वाटू नये.

११ जून १९५० रोजी मुंबईत, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, गुरुजींनी आपले जीवन स्वतःच्या हाताने संपविले. आम्ही हे झाकून ठेवीत नाही, आणि त्यावर निवाडाही देत नाही. इतक्या माणसांचे दुःख ज्याने अंगावर घेतले त्याच्या मनात शेवटी काय काहूर उठले असेल ते पांडुरंगच जाणे. त्यांच्या मागे घरदार नव्हते, पैसा नव्हता. पुस्तके मात्र शंभराच्या आसपास होती. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली ‘श्यामची आई’चा चित्रपट केला, त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. ज्या घरात कधी मासिक आले नाही, पुस्तक आले नाही, त्या घरातल्या बायाही तो पाहून पदराने डोळे टिपत घरी आल्या.

मंदिराचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. १९७३ साली पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला. त्यावर वर्षानुवर्षे खटले चालले, आणि २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले. आता कारभार शासनाने नेमलेल्या समितीकडे आहे. समितीच्या कारभाराबद्दल वारकऱ्यांच्या तक्रारी असतात, दर्शनबारीच्या असतात, सोयीगैरसोयीच्या असतात. त्या योग्य जागी मांडाव्यात. पण तुझी जात कोणती, हे दारात विचारणारा आता कोणी नाही.

आणखी एक प्रसंग. १९५८ साली पंढरपुरात सर्वोदय संमेलन भरले. विनोबा पायी फिरत तेथे आले. धुळ्याच्या तुरुंगात ज्यांची प्रवचने गुरुजींनी लिहून घेतली तेच विनोबा. सर्व धर्मांच्या लोकांना घेऊनच आपण देवळात जाऊ, एरवी जाणार नाही, हा त्यांचा नेम. जगन्नाथपुरीच्या दारातून ते अशाच कारणाने परतले होते, देवघरला तर त्यांना मारही बसला होता. पंढरपुरात काय होते याकडे पुष्कळांचे डोळे लागले होते. मंदिराच्या मंडळींनी स्वतः होऊन त्यांना बोलावणे पाठविले. मुसलमान, ख्रिस्ती, परदेशातून आलेली मंडळी, सारी त्यांच्याबरोबर महाद्वारातून आत गेली. विनोबा विठ्ठलापुढे उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. ज्या मठात गुरुजी दहा दिवस उपाशी पडून होते तो मठ तेथून फार दूर नव्हता.